सल्ला : जुन्या गाडीचा चासी नंबर कसा वाचावा?

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो आणि एका माध्यमिक शाळेत शिकवतो. घरासाठी जुनी गाडी घेण्याचा विचार आहे. मुंबई नाक्याजवळच्या एका दलालाने महिंद्राची एक डिझेल एसयूव्ही दाखवली. गाडी एमएच-१५ पासिंगची असून आताचे मालक दुसरे आहेत. दलाल ती ‘२०१९ चे मॉडेल’ म्हणून सांगतो. मात्र चासी नंबरातील दहावे अक्षर ‘जे’ आहे आणि माझ्या मुलाच्या म्हणण्याप्रमाणे त्याचा अर्थ २०१८ होतो. मुलाने हा नंबर एका परदेशी संकेतस्थळावर टाकून पाहिला, तेव्हा ‘चेक डिजिट जुळत नाही, क्रमांक अवैध’ असे उत्तर आले. शिवाय विम्याच्या पॉलिसीवर एका ठिकाणी शून्याऐवजी इंग्रजी ‘ओ’ छापलेला आहे. दलालाला विचारले तर तो म्हणतो, “सर, चासी नंबरवरून काही कळत नसतं, आरसी ओरिजिनल आहे ना?” दहा हजार रुपये टोकन देऊन गाडी अडवून ठेवा, असा त्याचा आग्रह आहे. हा नंबर नेमका वाचायचा कसा? गाडी चोरीची तर नसेल? आणि ती आपल्या सातपूरच्या कारखान्यातच तयार झाली का, हे नंबरवरून कळू शकेल का?

— एक वाचक, नाशिक

उत्तर

सप्रेम नमस्कार. आपले पत्र आणि सोबत जोडलेल्या आरसीच्या व पॉलिसीच्या प्रती मिळाल्या. आपला पूर्ण चासी नंबर येथे छापत नाही आणि आपणही तो आरसीच्या छायाचित्रासह कोणाला पाठवू नये, अशी विनंती आहे. त्याचे कारण पुढे येईलच. संकेतस्थळाने दिलेला ‘अवैध’ हा शेरा आपण मनावर घेऊ नये. ‘जे’बद्दल आपल्या मुलाचे म्हणणे बरोबर आहे. पॉलिसीवरील ‘ओ’ ही टंकलेखनाची चूक आहे, पण ती दुरुस्त करून घेतली पाहिजे. मात्र या तिन्ही शंका फिटल्या तरी गाडी चोरीची आहे की नाही, या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, कारण नंबर नुसता वाचून गाडीचे खरेखोटे ठरत नसते. पत्र्यावरचा नंबर, कागदांवरचा नंबर आणि तो नंबर ज्यांच्या दप्तरी आहे त्यांच्याकडील नोंदी या एकमेकींशी ताडून पाहिल्या तरच तो काही सांगू लागतो.

आपण ज्याला चासी नंबर म्हणतो, त्याला वाहन उद्योगात ‘व्हीआयएन’ म्हणजे वाहन ओळख क्रमांक असे नाव आहे. त्यात १७ स्थाने असतात आणि प्रत्येक स्थानी एक अंक किंवा इंग्रजी मोठे अक्षर असते. अमेरिकेने १९८१ च्या मॉडेलपासून ही १७ स्थानांची पद्धत सक्तीची केली आणि आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या ३७७९ व ३७८० या क्रमांकांच्या मानकांमुळे तिचा आराखडा जगभर साधारण सारखा झाला. त्यापूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या सोयीने क्रमांक घालीत असे; म्हणूनच जुन्या पद्मिनीच्या किंवा अँबॅसिडरच्या चासीवर १७ अक्षरे शोधत बसण्यात अर्थ नसतो. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२२ नुसार गाडीवर ओळख क्रमांक कोरलेला असणे बंधनकारक असून, निर्मितीचा महिना व वर्ष त्या क्रमांकातच सामावलेले असावे लागतात. चासी नंबरवरून काही कळत नाही, हे दलालाचे विधान म्हणूनच टिकणारे नाही.

या १७ स्थानांचे तीन भाग पडतात. पहिली तीन स्थाने निर्मात्याची, चौथ्यापासून नवव्यापर्यंतची सहा स्थाने गाडीच्या प्रकाराचे वर्णन करणारी, आणि दहाव्यापासून सतराव्यापर्यंतची आठ स्थाने त्या विशिष्ट गाडीची ओळख पटवणारी असतात. आपल्या नंबराची सुरुवात ‘एम-ए-१’ अशी आहे व तो महिंद्राचा संकेत आहे. ‘एम-ए-३’ असेल तर मारुती सुझुकी, ‘एम-ए-टी’ असेल तर टाटा मोटर्स, ‘एम-ए-एल’ असेल तर ह्युंदाई; दुचाकींमध्ये ‘एम-डी-२’ बजाजचा, ‘एम-बी-एल’ हिरोचा आणि ‘एम-डी-६’ टीव्हीएसचा. पहिले अक्षर ‘एम’ आणि दुसरे ‘ए’ ते ‘ई’ यांपैकी असेल तर गाडी भारतीय निर्मात्याची, असे जुने कोष्टक सांगते. पण पुढे भारतासाठी ‘एम-झेड’ने सुरू होणारे संकेतही वापरात आले आणि आपल्याकडे बनलेल्या किआ गाड्यांचा नंबर ‘एम-झेड-बी’ असा सुरू होतो. जुनी कोष्टके घेऊन चालणारी संकेतस्थळे अशा गाडीचा देशही ओळखू शकत नाहीत. जर्मन गाड्या ‘डब्ल्यू’ने, जपानी ‘जे’ने आणि अमेरिकी गाड्या १, ४ किंवा ५ या अंकांनी सुरू होतात. येथे एक खबरदारी घ्यावी : पहिल्या स्थानावरील ‘जे’ म्हणजे जपान आणि दहाव्या स्थानावरील ‘जे’ म्हणजे २०१८. अर्थ अक्षराला नसून स्थानाला आहे, आणि डावीकडून मोजताना एक स्थान जरी सुटले तरी पुढचे सगळे वाचन बिघडते.

मधल्या सहा स्थानांवर फार वेळ घालवू नये. गाडीचे मॉडेल, बॉडीचा प्रकार, इंजिन, गिअरबॉक्स अशा गोष्टी तेथे दर्शवलेल्या असतात. परंतु कोणते अक्षर कशासाठी, हे प्रत्येक कंपनी स्वतः ठरवते व मॉडेलगणिक बदलते. अधिकृत सेवा केंद्रात तो नंबर संगणकावर टाकला की तेथील कर्मचारी आपल्याला गाडी मुळात कोणत्या व्हेरिएंटची होती हे सांगू शकतात, आणि मागच्या दरवाजावर नंतर चिकटवलेली वरच्या व्हेरिएंटची पट्टी उघडी पडते. जुन्या गाड्यांच्या बाजारात हा प्रकार चोरीपेक्षा कितीतरी अधिक चालतो.

आता आपल्याला घाबरवून सोडणाऱ्या नवव्या स्थानाकडे वळू. अमेरिका व कॅनडा येथे विकल्या जाणाऱ्या गाड्यांत नवव्या स्थानी ‘चेक डिजिट’, म्हणजे पडताळा अंक असणे सक्तीचे आहे. चीनमध्येही तशी सक्ती आहे. आपण शिक्षक आहात, तेव्हा त्यामागचे गणित आपल्याला रंजक वाटेल. प्रत्येक अक्षराला एक ठरावीक अंक दिलेला असतो : ‘ए’ला १, ‘बी’ला २ असे करत ‘एच’ला ८, मग ‘जे’पासून पुन्हा १. नंतर प्रत्येक स्थानाच्या अंकाला त्या स्थानाच्या वजनाने गुणायचे. ही वजने डावीकडून ८, ७, ६, ५, ४, ३, २, १०, मग नवव्या स्थानाला शून्य, आणि पुढे ९, ८, ७, ६, ५, ४, ३, २ अशी आहेत. सर्व गुणाकारांची बेरीज करून तिला ११ ने भागले असता जी बाकी उरते, ती नवव्या स्थानी लिहायची. बाकी १० उरली तर तेथे ‘एक्स’ लिहायचा. नंबर लिहून घेताना एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर बाकी जुळत नाही आणि चूक बहुतेकदा तेथल्या तेथे पकडली जाते. या अंकाचा हेतू एवढाच आहे.

भारतात हा पडताळा अंक सक्तीचा नाही, युरोपातही नाही. आपल्याकडच्या कंपन्या नववे स्थान गाडीच्या वर्णनासाठी वापरू शकतात. अमेरिकी गाड्यांसाठी रचलेल्या संकेतस्थळावर भारतीय नंबर टाकला की ते संकेतस्थळ निमूटपणे आपले गणित करते आणि बाकी जुळली नाही की ‘अवैध’ म्हणून मोकळे होते. नवव्या स्थानी अंक असेल तर योगायोगाने बाकी जुळण्याची शक्यता साधारण अकरात एक. तेथे ‘एक्स’खेरीज दुसरे अक्षर असेल तर ती जुळणे शक्यच नाही. आपल्या शेजाऱ्याच्या शोरूममधून आणलेल्या नव्याकोऱ्या गाडीचा नंबर टाकून पाहिला तरी बहुधा हेच उत्तर मिळेल. याची उलट बाजू अधिक महत्त्वाची आहे. सतराच्या सतरा स्थानी १ हा अंक लिहून वरचे गणित करा. वजनांची बेरीज ८९ येते, तिला ११ ने भागले की बाकी १ उरते, आणि नवव्या स्थानी १ च आहे. म्हणजे जगात अस्तित्वात नसलेल्या गाडीचा हा नंबर परीक्षेत पूर्ण गुणांनी उत्तीर्ण होतो. तेव्हा ‘अवैध’ हा शेरा जसा दोषाचा पुरावा नाही, तसा ‘वैध’ हा शेराही निर्दोषत्वाचा पुरावा नाही, आणि असे शेरे दाखवून गाडीचा ‘इतिहास अहवाल’ पैसे घेऊन विकणाऱ्या परदेशी संकेतस्थळांवर आपण एक रुपयाही खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांच्याकडे नाशिकच्या गाडीची कोणतीही नोंद असण्याचे कारण नाही.

दहाव्या स्थानी निर्मितीचे वर्ष असते. २०१० साठी ‘ए’, मग क्रमाने २०११ ‘बी’, २०१२ ‘सी’, २०१३ ‘डी’, २०१४ ‘ई’, २०१५ ‘एफ’, २०१६ ‘जी’, २०१७ ‘एच’. यानंतर ‘आय’ वगळून २०१८ साठी ‘जे’, २०१९ ‘के’, २०२० ‘एल’, २०२१ ‘एम’, २०२२ ‘एन’. ‘ओ’ वगळून २०२३ साठी ‘पी’. ‘क्यू’ वगळून २०२४ साठी ‘आर’, २०२५ ‘एस’ आणि २०२६ ‘टी’. २००१ ते २००९ या वर्षांसाठी १ ते ९ हे अंक होते. हे चक्र ३० वर्षांनी पुन्हा फिरते. महिन्याचे अक्षर कितव्या स्थानी असावे, हे मात्र कंपनीनुसार बदलते, आणि त्यासाठी डोके शिणवण्याची गरजही नाही, कारण निर्मितीचा महिना व वर्ष आरसीवर स्वतंत्रपणे छापलेले असतात. आपण पाठवलेल्या प्रतीवर ते ‘११/२०१८’ असे स्वच्छ दिसते. नोंदणीची तारीख मात्र जानेवारी २०१९ मधील आहे.

येथे दलाल खोटे बोलत आहे असे म्हणता येणार नाही, पण तो पूर्ण खरेही बोलत नाही. जुन्या गाड्यांच्या बाजाराची भाषा याबाबत नेमकी आहे : ही गाडी ‘अठराचे मॉडेल, एकोणीसचे पासिंग’ आहे. वर्षअखेरीस तयार झालेली गाडी नव्या वर्षात नोंदवण्याकडे अनेक ग्राहकांचा कल असतो, कारण आरसीवरची तारीख एका वर्षाने तरुण दिसते. खासगी गाडीच्या नोंदणीची १५ वर्षांची मुदत नोंदणीच्या तारखेपासून धरली जाते, त्यामुळे त्या बाबतीत आपले नुकसान नाही. किंमत ठरवताना मात्र निर्मितीचे वर्षच धरावे. पाच वर्षांपेक्षा जुन्या गाडीचे विमामूल्य, ज्याला विमा कंपन्या आयडीव्ही म्हणतात, ते कोष्टकातून येत नाही. ते विमा कंपनी व मालक यांच्या संमतीने ठरते. तेव्हा मॉडेल अठराचे आहे, हे आपण दलालासमोर एकदा शांतपणे उच्चारावे. पुढच्या वाटाघाटींचा सूर त्याने बदलतो.

सातपूरच्या कारखान्याविषयीची आपली उत्सुकता नाशिककराला शोभणारीच आहे. गाडी कोणत्या कारखान्यात बनली, याचा संकेत अकराव्या स्थानी देण्याची रीत आहे; पण कोणते चिन्ह कोणत्या कारखान्याचे, हे कंपनीने स्वतःपुरते ठरवलेले असते व ते अधिकृत सेवा केंद्राच्या संगणकावरूनच खात्रीने कळू शकते. महिंद्राच्या गाड्या नाशिकखेरीज चाकण येथेही तयार होतात, त्यामुळे केवळ एमएच-१५ पासिंग पाहून अंदाज बांधू नये. शेवटची स्थाने अनुक्रमांकाची असतात.

आता पॉलिसीवरच्या ‘ओ’बद्दल. व्हीआयएनमध्ये ‘आय’, ‘ओ’ आणि ‘क्यू’ ही तीन अक्षरे कधीच वापरली जात नाहीत, कारण ती १ आणि ० यांच्याशी गल्लत करतात. म्हणून कोणत्याही कागदावर चासी नंबरात ‘ओ’ दिसला तर तो शून्यच असला पाहिजे आणि ती लिहिणाऱ्याची चूक आहे, असे निःशंकपणे म्हणता येते. ८ आणि ‘बी’ किंवा ५ आणि ‘एस’ यांच्या बाबतीत मात्र अशी खात्री देता येत नाही, कारण ही सर्व चिन्हे नंबरात येऊ शकतात. आणि आपल्याकडे पडताळा अंक नसल्यामुळे अशी चूक गणिताने पकडली जात नाही, ती डोळ्यांनीच शोधावी लागते. सगळे कागद समोर ठेवून एकाने मोठ्याने एकेक अक्षर वाचावे व दुसऱ्याने बोट ठेवून तपासावे, हा जुना कारकुनी मार्गच सर्वांत भरवशाचा. पॉलिसीतील चूक सध्याच्या मालकाने विमा कंपनीकडे अर्ज करून दुरुस्त करून घ्यावी. कंपनी तसे एन्डोर्समेंट, म्हणजे दुरुस्तीची लेखी नोंद देते. दाव्याच्या वेळी सर्वेक्षकाला पॉलिसीवरचा नंबर आणि गाडीवरचा नंबर वेगळा आढळला, तर एका अक्षरापायी महिनाभर खेटे घालावे लागू शकतात. आरसीवरच चूक असती तर काम जरा मोठे झाले असते : गाडी नवी घेतली तेव्हाचे बिल, विक्रीचा नमुना २१ आणि कंपनीने दिलेला नमुना २२ हे कागद जोडून मालकाला परिवहन कार्यालयात दुरुस्तीचा अर्ज करावा लागला असता.

यानंतरचा प्रश्न सर्वांत गंभीर आहे : गाडी चोरीची तर नाही? त्यासाठी कागद बाजूला ठेवून गाडीपाशी जावे लागेल, आणि तेही दिवसाउजेडी. नंबर कोठे कोरलेला आहे, हे गाडीसोबत येणाऱ्या मालक-पुस्तिकेत लिहिलेले असते. लॅडर फ्रेमच्या, म्हणजे स्वतंत्र लोखंडी सांगाड्यावर बॉडी बसवलेल्या गाड्यांत तो बहुधा पुढच्या चाकाजवळ फ्रेमच्या लोखंडी पट्टीवर असतो. मोनोकॉक बांधणीच्या, म्हणजे बॉडी व सांगाडा एकच असलेल्या गाड्यांत बोनेट उघडल्यावर समोरच्या फायरवॉलवर (इंजिन व प्रवासी यांच्यामधल्या पत्र्यावर) किंवा पुढच्या आसनाखाली, गालिचाचा झाकणारा तुकडा उचलला की दिसतो. मोटारसायकलीत हँडलखालच्या मानेवर. याशिवाय दरवाजाच्या खांबावर किंवा बोनेटखाली कंपनीची एक पट्टी असते व तिच्यावरही तोच नंबर असतो. पट्टीवरचा नंबर पाहून समाधान मानू नये. पट्टी बदलता येते; पाहायचा आहे तो मूळ पत्र्यात ठोकलेला नंबर.

कंपनीत नंबर यंत्राने ठोकला जातो. त्यामुळे सर्व अक्षरे एका उंचीची, एका खोलीची, एका ओळीत आणि सारख्या अंतरावर असतात, आणि नंबरात मागेपुढे काही वाढवता येऊ नये म्हणून दोन्ही टोकांना अनेकदा चांदणीसारखे एखादे चिन्ह असते. हाताने पंच मारलेल्या नंबरात अक्षरे थोडी वरखाली होतात, काही खोल जातात तर काही उथळ राहतात. नंबराच्या आसपासचा पत्रा बोट फिरवून पाहावा : तेथे ग्राइंडरच्या बारीक रेघा, शेजारच्या भागापेक्षा जाड किंवा ताजा रंग, लांबीचा (पुट्टीचा) गुळगुळीतपणा किंवा चौकोनी तुकडा कापून बसवल्याची वेल्डिंगची कड जाणवली, तर तेथेच व्यवहार थांबवावा. गंज असणे हा दोष नाही. सगळ्या फ्रेमवर गंज आहे आणि नंबराची जागा तेवढी चकचकीत, हे मात्र विचार करायला लावणारे आहे. नंबर खरवडून पुसला तरी तो पूर्णपणे नाहीसा होत नाही, कारण ठोकताना अक्षराखालचे धातूचे थरही दाबले गेलेले असतात, आणि त्या जागी विशिष्ट आम्लयुक्त द्रावण लावले की दाबलेला धातू वेगळ्या रीतीने झिजून जुनी अक्षरे पुन्हा उमटू शकतात. न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा हेच तंत्र वापरतात. पण ते काम पोलिसांमार्फत होते आणि ती वेळ येईपर्यंत गाडी मुद्देमाल म्हणून जप्त झालेली असते. ज्याने ती भाबडेपणाने विकत घेतली त्याच्यावर, चोरीची माहिती किंवा तसा वाजवी संशय नव्हता हे मान्य झाल्यास, चोरीचा माल स्वीकारल्याचा गुन्हा सिद्ध होत नाही. गाडी आणि पैसा मात्र दोन्ही जातात.

एक प्रकार असा आहे की ज्यात सगळे कागद खरे असतात आणि गाडी मात्र खोटी. मोठ्या अपघातात किंवा पुरात निकामी झालेली गाडी विमा कंपनी ‘टोटल लॉस’ ठरवते व तिचा सांगाडा भंगारात विकला जातो. नोंदणी रीतसर रद्द करून घेतलेली नसेल, तर त्या गाडीची आरसी जिवंत राहते. कोणीतरी तो सांगाडा कागदांसह घेतो, त्याच मॉडेलची, त्याच रंगाची गाडी दुसऱ्या शहरातून चोरून आणवतो आणि तिच्यावर सांगाड्याचा नंबर ठोकतो. आता आरसी अस्सल आहे, ऑनलाइन नोंद जुळते, आणि पोलिसांच्या चोरीच्या यादीत हा नंबर सापडतच नाही, कारण चोरीला गेलेल्या गाडीचा नंबर वेगळाच होता. ‘आरसी ओरिजिनल आहे ना?’ या प्रश्नाचा फोलपणा येथे दिसतो. चासी नंबर आणि आरसीची छायाचित्रे सरसकट कोणालाही पाठवू नयेत असे मी आरंभी म्हटले, तेही याचसाठी. आपल्या गाडीची जुळी बहीण कोठेतरी रस्त्यावर धावू लागण्यास तेवढे भांडवल पुरते.

हा प्रकार उघड करण्याचे दोन मार्ग आहेत आणि दोन्ही चासी नंबरावरूनच जातात. पहिला अधिकृत सेवा केंद्राचा : तेथे नंबरावरून सर्व्हिसची नोंद निघते. प्रत्येक नोंदीतील तारीख, किलोमीटर आणि मोठ्या दुरुस्त्या पाहाव्यात. काही काळ नियमित सर्व्हिस, मग मोठ्या अपघाताच्या दुरुस्तीचा अंदाज, आणि त्यानंतर एकदम शुकशुकाट, असा क्रम दिसला तर शंका घ्यावी. गाडी लिफ्टवर चढवून पत्र्यावरचा नंबर त्यांच्या माणसाने स्वतः वाचावा, असा आग्रह धरावा. बऱ्याच नव्या गाड्यांच्या इंजिन नियंत्रण संगणकातही व्हीआयएन साठवलेला असतो व स्कॅनर जोडून तो वाचता येतो. पत्र्यावरचा नंबर बदलणाऱ्याला हा बदलण्याची आठवण राहतेच असे नाही. दुसरा मार्ग विम्याचा. सध्याच्या मालकाला विमा कंपनीकडून मागील दाव्यांची माहिती लेखी मागायला सांगावे. पॉलिसीवर नो क्लेम बोनसची, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीची टक्केवारी छापलेली असते. मालक ‘गाडीला कधी काही झालेच नाही’ म्हणत असेल आणि बोनस शून्य असेल, तर त्याचे कारण विचारावे.

इंजिन नंबर हा वेगळा असतो आणि तोही आरसीशी जुळवून पाहावा. इंजिन बदललेले असणे हा गुन्हा नाही. बदल परिवहन कार्यालयात नोंदवलेला नसणे ही अडचण आहे. नव्या गाड्यांच्या आणि आता जुन्यांनाही बसवल्या जाणाऱ्या उच्च सुरक्षा नोंदणी पाटीवरचा लेझरने कोरलेला क्रमांक पाहून अनेकांचा गोंधळ होतो. तो त्या पाटीचा क्रमांक आहे, चासी नंबराशी त्याचा संबंध नाही.

ऑनलाइन तपासणी जरूर करावी, पण तिची मर्यादा ओळखून. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नोंदणी क्रमांक टाकला की नोंदणीची तारीख, विम्याची मुदत, कर्जाचा बोजा इत्यादी तपशील दिसतात. चासी नंबराचा काही भाग फुल्यांनी झाकलेला असतो, तरी उरलेली अक्षरे जुळतात का ते पाहावे. बोजा दिसत असेल तर बँकेचे ना हरकत पत्र आणि बोजा उतरवण्याचा नमुना ३५ हाती आल्याशिवाय पुढे जाऊ नये. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या, म्हणजेच एनसीआरबीच्या ‘वाहन समन्वय’ सेवेत चासी व इंजिन नंबर देऊन गाडीच्या चोरीची नोंद आहे का, हे पाहता येते. तेथे काही आढळले तर प्रश्नच मिटला. काही आढळले नाही तर वर सांगितलेल्या कारणाने तो मिटत नाही.

हस्तांतराच्या वेळी पेठ रोडवरील परिवहन कार्यालयात नमुना २९ व ३० बरोबर चासीची पेन्सिल प्रिंटही जोडावी लागते. कोरलेल्या नंबरावर कागद धरून वरून पेन्सिल घासली की जो ठसा उमटतो, तीच ही प्रिंट. हे काम सहसा एजंट करतो आणि गाडीचा मालक चहा पीत उभा असतो. आपण तसे करू नये. प्रिंट आपल्या हाताने, आपल्या डोळ्यांदेखत काढावी, कारण त्या निमित्ताने नंबराची प्रत्येक रेघ आपोआप तपासली जाते : उथळ अक्षर कागदावर फिके उमटते आणि ओळीबाहेर गेलेले अक्षर ताबडतोब डोळ्यांत भरते. एक प्रत स्वतःकडे ठेवावी. हस्तांतरानंतर १४ दिवसांच्या आत विमाही आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करावा. तृतीय पक्षाचे संरक्षण कायद्याने गाडीबरोबर येते, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे येत नाही.

टोकन देण्यास माझी हरकत नाही, पण ते आधी देऊन मग तपासणी करण्यास आहे. आधी गाडी सेवा केंद्रात न्यावी; त्या तपासणीचा खर्च आपण करावा, तो फारसा नसतो. दलाल यास तयार नसेल तर गाडी कितीही मनात भरली असली तरी सोडून द्यावी. तयार झाला आणि सर्व नोंदी जुळल्या, तर टोकनची पावती मालकाच्या सहीची घ्यावी, दलालाच्या नव्हे; रक्कम शक्यतो मालकाच्या बँक खात्यात भरावी, आणि पावतीवर नोंदणी क्रमांकाबरोबर चासी नंबराची सतराही अक्षरे, इंजिन नंबर, ‘निर्मिती ११/२०१८’ असा उल्लेख, तसेच कागद किंवा गाडीवरील क्रमांक यांत तफावत आढळल्यास पूर्ण रक्कम परत केली जाईल, असे वाक्य लिहून घ्यावे. पॉलिसीतील ‘ओ’ची दुरुस्ती झाल्याचे एन्डोर्समेंट उरलेली रक्कम देण्यापूर्वी मागावे.